कोरा बटवा

माझ्या सासूबाईंना अमेरिकेतले दोनच इंग्रजी शब्द मनापासून आवडले. एक 'सेल' आणि दुसरा 'क्यूट'. सेल त्यांना मिरजेपासूनच ठाऊक होता. क्यूट मात्र त्या बेलव्ह्यूच्या शनिवारच्या बाजारात शिकल्या, माझ्या स्टॉलमागे घडीच्या खुर्चीवर बसून. येणारी प्रत्येक बाई आमची एखादी कापडी पिशवी उचलायची, उलटसुलट करून बघायची आणि मान तिरकी करून तो शब्द म्हणायची. महिन्याभरात सासूबाई घरी कोवळ्या दुधीलाही क्यूट म्हणायला लागल्या. मला मात्र त्या कधी क्यूट म्हणाल्या नाहीत. "तुझं नाक फार वर असतं," असं म्हणायच्या.

कायद्याने बघायला गेलं तर शेवटची काही वर्षं त्या माझ्या कोणीच नव्हत्या. त्यांच्या मुलाशी माझा घटस्फोट झाला. मूल नव्हतं, त्यामुळे माझ्या मुलांची आजी म्हणूनही त्या माझ्या वाट्याला उरल्या नाहीत. तरी मी त्यांना सासूबाईच म्हणणार. दुसरा शब्द कोणी शोधून दिला तर बघू.

पिशव्यांचं वेड आधी मला लागलं. ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते, आणि त्याने माणसाचा स्वभाव काही सुधारत नाही. मैत्रीण म्हणाली, योगा कर. मी कम्युनिटी सेंटरमधल्या शिवणाच्या वर्गात नाव घातलं. शिकवायला एक जपानी बाई होत्या, सत्तरीच्या, फार न बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी आपली पर्स उघडली आणि आतली एकेक वस्तू टेबलावर मांडत गेल्या. टिश्यूच्या पाकिटाला कापडी अंगरखा. जेवायच्या काड्यांना लांबट म्यान. ओली छत्री ठेवायला आतून प्लास्टिक लावलेली पिशवी. किल्ल्यांना माशाच्या आकाराचा बटवा. डब्याला दोन लांब कान असलेली झोळी, कान बांधले की सशासारखी दिसणारी. इतक्याशा पर्समध्ये एवढा मोठा संसार.

मला हसू आलं. टिश्यूला कशाला हवेत कपडे? पण आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की मी घरातल्या उघड्यावागड्या वस्तूंकडे टक लावून बघायला लागले आहे. चार्जरची वायर, औषधाची पट्टी, चष्मा, बिचारे सगळे उघडेच पडलेले. आणि त्या पिशव्यांचं मला सगळ्यात काय आवडलं असेल तर त्यांचा गोंडसपणा वरून चिकटवलेला नव्हता. सशाचे कान होते, पण तीच गाठ होती आणि तीच मूठ होती. माशाचं तोंड होतं, पण त्यातूनच किल्ली बाहेर यायची. कामाला येणारी वस्तू दिसायलाही लाघवी असू शकते, हे माझ्यासारख्या कामाला येणाऱ्या पण तोंडाने फटकळ बाईला कुठेतरी लागलं.

पहिला टिश्यूचा अंगरखा घेऊन घरी आले तर सासूबाईंनी तो हातात घेतला, आत बोट घातलं, उलटा केला, सुलटा केला.

"अगं, ही तर चंची!" त्या म्हणाल्या. "आमच्या मामंजींची होती. पान, सुपारी, कात, चुना, सगळ्याला वेगळा कप्पा. गुंडाळली की मुठीत मावायची."

"आई, हे जपानी आहे."

"असेल. त्यांच्याकडेही मामंजी असतीलच की."

त्यानंतर आमच्या घरात चंच्यांचा कारखाना सुरू झाला. कापडाला तोटा नव्हता. इथे येताना प्रत्येक मराठी बाई हळदीकुंकवात मिळालेले ब्लाउजपीस घेऊन येते आणि ते जन्मभर एकमेकींना देत फिरवते, शिवत कोणीच नाही. माझ्याकडे आलेला एक मोरपंखी ब्लाउजपीस मीच तीन वर्षांपूर्वी कोणालातरी दिलेला होता. मी सगळे बाहेर काढले. खणाचे तुकडे, सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या, नवऱ्याचे कॉलर विरलेले शर्ट. कापायचं आणि मशीन चालवायचं काम माझं. शेवट त्यांच्या हाताचा.

हा शेवट नीट सांगायला हवा. या पिशव्या उलट्या शिवतात. बाहेरचं कापड, आतलं अस्तर आणि मध्ये कापसाचा पातळ थर, अशी चहूबाजूंनी टीप घालायची, पण अस्तराच्या एका कडेला चार बोटांची फट उघडी ठेवायची. मग त्या फटीतून आख्खी पिशवी ओढून बाहेर काढायची, म्हणजे ती सुलटी होते. आणि मग ती फट हाताने, टाका दिसणार नाही अशी शिवून टाकायची. हे ओढून काढणं आणि फट बंद करणं सासूबाईंचं. मी ऑफिसात असताना त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खिडकीजवळ बसून करायच्या. संध्याकाळी आले की टेबलावर सुलट्या झालेल्या पिशव्यांची रांग लागलेली असायची, आणि त्या शेजारी लसूण सोलत बसलेल्या.

आणि प्रत्येक पिशवीच्या आतल्या कोपऱ्यात हळदीचं एक बोट.

ज्यांच्या घरात ही पद्धत असेल त्यांना सांगायला नको. नवं कापड कोरं वापरत नाहीत. नवी साडी नेसायच्या आधी, नवा सदरा घालायच्या आधी कुठेतरी आतल्या बाजूला हळदीचं नाहीतर कुंकवाचं बोट लावतात. माझ्या लग्नातल्या सगळ्या साड्यांना ते आहे. सासूबाईंच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं टोक संधिवाताने वाकडं झालं होतं, त्यामुळे त्यांचं बोट कधी गोल उमटायचं नाही. तिरपं उमटायचं, तांदळाच्या दाण्यासारखं. माझ्या ऑफिसच्या जॅकेटलाही त्यांनी आतून ते लावलं होतं. मी कुरकूर केली नाही. ड्रायक्लीनरने केली.

बाजारात मात्र एक बाई पिशवी परत घेऊन आली. फिक्या रंगाची होती ती, मैत्रिणीच्या वाढदिवसाला घेतलेली. अगदी अदबीने तिने कोपरा उलटून दाखवला.

"इट्स सो क्यूट," ती म्हणाली, "बट देअर इज अ स्टेन."

मी समजावून सांगितलं. हळद आहे, शुभ असतं, माझ्या सासूबाई लावतात. "ओह, हाऊ लव्हली," असं म्हणत तिने सासूबाईंकडे बघून छातीवर हात ठेवला, आणि डाग नसलेली दुसरी पिशवी शोधायला लागली. प्रत्येक पिशवीचा कोपरा उलटून बघत होती. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण ती काय शोधतेय हे कळायला इंग्रजी लागत नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आई, विकायच्या पिशव्यांना यापुढे हळद नको."

"डाग म्हणाली का ती?"

"हो."

त्यांनी ती पिशवी हातात घेऊन कोपरा उलटून बघितला. मग म्हणाल्या, "आपल्या घरातून निघालेलं कोरं जाऊ नये गं. कापड असो, माणूस असो."

"अहो, पण ते परत येतं ना!"

"बरं," त्या म्हणाल्या.

सासूबाईंचं 'बरं' दोन प्रकारचं असायचं. एक 'तू म्हणतेस तसं करते' आणि दुसरं 'तू म्हण, मी मला हवं ते करते'. ऐकायला दोन्ही सारखीच.

परत आलेली ती पिशवी त्यांनी धुतली. साबण लागल्याबरोबर हळदीचं बोट लालभडक झालं, कुंकवासारखं. मग डेकवरच्या उन्हात ठेवली. बेलव्ह्यूला ऊन पाहुण्यासारखं येतं, पण जुलै होता, दोन दिवसांत डाग पूर्ण गेला. "हळदीला उजेड सोसत नाही," त्या म्हणाल्या. "अंधारात ठेवलीस तर वर्षानुवर्षं राहील, उन्हात ठेवलीस की गेली." त्यानंतरच्या एकाही पिशवीत मला बोट दिसलं नाही. मी तपासत होते. तपासणं हाच माझा धंदा.

अशी तीन वर्षं गेली, आणि ती माझी इथली सगळ्यात चांगली वर्षं होती, हे मला तेव्हाही कळत होतं. जपानी बाई एकदा घरी चहाला आल्या. त्यांना मराठी येत नाही, सासूबाईंना जपानी येत नाही, आणि मला दोघींमध्ये बोलू द्यायला त्या तयार नव्हत्या. दोघी तासभर एकमेकींचे टाके बघत बसल्या. जाताना सासूबाईंनी त्यांना चकल्या दिल्या. जपानी बाईंनी लगेच पर्समधून एक चौकोनी रुमाल काढला, चकल्यांचा डबा मधोमध ठेवून दोन गाठी मारल्या, आणि बघता बघता त्याची मुठीची पिशवी झाली. सासूबाईंनी टाळी वाजवली. "क्यूट!" त्या म्हणाल्या.

नवरा वाईट माणूस नव्हता. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं आहे की आता मलाच त्याचा कंटाळा आलाय. त्याला सांता क्लारात चांगली नोकरी मिळाली. मी म्हटलं, मीही तिकडे शोधते. तो म्हणाला, नको. मग बरंच काही बोलला. तिथे आणखी कोणीतरी आहे हे शेवटी बोलला. सासूबाई आत मटार सोलत होत्या. शेंगा मोडल्याचा आवाज आधी येत होता, मग थांबला.

मला नवऱ्याचा राग आला, दुःखही झालं, पण खरं सांगायचं तर मी हादरले ती दुसऱ्या दिवशी सकाळी, सासूबाईंना ओट्याशी पाठमोरी उभी बघून. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही बाईसुद्धा जाणार. घराचं काय, गाडीचं काय, याच्यावर वकिलांनी भरपूर इमेल केले. आई कोणाकडे राहणार हे कोणी विचारलंसुद्धा नाही. ते विचारण्यासारखं होतंच कुठे?

मी विचारलं. "आई, तुम्ही राहा माझ्याकडे."

"वेडी आहेस का?" त्या म्हणाल्या. "मुलगा असताना सुनेकडे? आणि तीही..." हातातलं फडकं पिळून त्यांनी वाळत टाकलं.

जायच्या आठवड्यात त्या टेबलाशी बसून एकच वस्तू शिवत होत्या. मला बघू देत नव्हत्या. निघायच्या दिवशी, नवरा खाली गाडीत बॅगा भरत असताना, त्यांनी तो माझ्या हातात दिला. शिवणाच्या सामानाचा बटवा. कात्रीला कप्पा, सुयांना पट्टी, अंगुस्तानाला एवढासा खिसा. बाहेरचं कापड त्यांच्या स्वतःच्या इरकलीच्या पदराचं. ती साडी त्यांना त्यांच्या आईने दिलेली, तिला मी कधी कात्री लावायला धजले नसते.

"जपानी झालाय ना?" त्यांनी विचारलं.

"अगदी," मी म्हटलं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि जिन्याच्या कठड्याला धरत एकेक पायरी उतरत गेल्या.

गाडी गेल्यावर मी खुर्चीवर बसून तो बटवा उघडला. पहिला कोपरा बघितला. दुसरा बघितला. कप्प्यांच्या आत बोट घालून, कडा उलटून, खिडकीशी नेऊन बघितलं. हळद कुठेच नव्हती.

आपल्या घरातून निघालेलं कोरं जाऊ नये, कापड असो, माणूस असो, असं सांगणाऱ्या बाईने मला कोरं सोडलं होतं. विसरल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण माझ्या ऑफिसच्या जॅकेटला लावायला त्या विसरल्या नव्हत्या. विकायच्या पिशव्यांना लावू नका असं मी म्हटलं होतं, आणि हा बटवाही आता विकायच्या पिशव्यांसारखाच होता, परक्या माणसाच्या हातात जाणारा. त्यांना बरोबर कळलं होतं की मी आता घरातली नाही. मला ते कळायला तो कोरा कोपरा बघावा लागला. मी त्या दिवशी जेवले नाही.

पहिलं वर्षभर मी दर रविवारी फोन करायचे. गुडघे कसे आहेत, तिकडे मेथी मिळते का, असलं बोलणं. कधी त्या विचारायच्या, "पिशव्या जातात का गं?" मी म्हणायचे, जातात. मग एका रविवारी त्यांनी आवाज अगदी खाली केला.

"तू आता फोन नको करूस," त्या म्हणाल्या. "इथे ती असते ना. तोंडं वाकडी होतात. मला या वयात घरात शांतता हवी."

"बरं," मी म्हटलं. माझं 'बरं' एकाच प्रकारचं होतं. मी फोन केला नाही. त्यांचाही आला नाही. बटवा मी वापरत राहिले, कारण वस्तू कामाची होती आणि मी कामाची वस्तू फेकणाऱ्यातली नाही. पण तो उघडताना दर वेळी माझी नजर त्या कोपऱ्याकडे जायची. दर वेळी तो कोराच असायचा, आणि दर वेळी मला तेवढंच लागायचं.

गेल्या वसंतात नवऱ्याचा, म्हणजे आधीच्या नवऱ्याचा, मेसेज आला. 'आई गेली. तेरावं परवा झालं. तुला कळवावं की नाही कळत नव्हतं.' मी मीटिंगमध्ये होते. माझा चेहरा बघून मॅनेजरने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "मदर-इन-लॉ गेली." तो लगेच खुर्चीतून उठला, म्हणाला, घरी जा, लीव्ह घे. मग मी प्रामाणिकपणे जोडलं, "एक्स-मदर-इन-लॉ." "ओह," तो म्हणाला, आणि परत बसला. त्याचा चेहरा जरा सैलावला होता. मी मीटिंग पूर्ण केली.

संध्याकाळी पुण्याला माझ्या आईला फोन लावला. "मला सुतक आहे का गं?" मी विचारलं.

"तुला कसलं सुतक?" आई म्हणाली. "तुझं आता काय त्या घरात?" मग तिला माझं रडणं ऐकू आलं असावं, कारण ती म्हणाली, "अगं, पण दिवा लाव. दिवा लावायला कोणाची ना नसते." मी दिवा लावला. फोटो ठेवावा म्हटलं तर त्यांचा एकटीचा फोटोसुद्धा माझ्याकडे नव्हता. सगळ्यांत तो होता मध्ये.

पुढच्या रविवारी दुपारी मी स्टॉलसाठी शिवायला बसले. बटव्यातून कात्री काढली तर तिच्या टोकाने आतलं अस्तर फाडलेलं. रोज थोडं थोडं फाटत आलं असणार. त्या भोकातून माझी बारीक सुई आत, कापसाच्या थरात शिरली होती. वरून चाचपली तर टोचत होती, पण निघेना. अस्तर उसवल्याशिवाय इलाज नव्हता.

मी शिवण उसवायचं हत्यार घेतलं आणि कड शोधायला लागले, जिथे त्यांनी ती चार बोटांची फट बंद केली होती. शोधायला वेळ लागला. टाके दिसतच नव्हते. शेवटी नखाला लागले. एकेक टाका कापताना मला वाटत होतं की मी काहीतरी नको ते करते आहे, पण सुई आत ठेवूनही चालणार नव्हतं. फट उघडली. मी दोन बोटं आत घातली, सुई हाताला लागली, ओढून काढली. आणि अस्तर जरा मागे सारून आत बघितलं.

पांढऱ्या कापसाच्या थरावर, फटीच्या अगदी तोंडाशी, हळदीचं बोट होतं. तिरपं. तांदळाच्या दाण्यासारखं. आणि पिवळंधमक, आत्ताच लावल्यासारखं.

त्यांचं ते 'बरं' कुठल्या प्रकारचं होतं, ते मला त्या दुपारी कळलं. डाग म्हणून कोणी परत आणू नये, म्हणून त्यांनी हळद आतल्या आत लावली होती. पिशवी सुलटी करायची, फटीतून बोट आत घालायचं, आणि मग शिवून टाकायची. बाजारात गेलेल्या पिशव्यांतही असंच असेल. मला वाटतं, असेलच. पण उसवून बघायला त्यातली एकही माझ्याकडे उरलेली नाही. कोणाच्या गाडीत, कोणाच्या ऑफिसच्या खणात, कोणाच्या लेकीच्या दप्तरात त्यांचं बोट असेल, आणि त्या बायकांना कधीच कळणार नाही. मलाही कळलं नव्हतं. इतकी वर्षं मी कोपरे बघत होते, आणि ते माझ्या हाताखाली होतं.

मी त्यांना फोन करायला हवा होता, असं लोक म्हणतील. त्यांनी नको म्हटलं होतं. त्यांनी एकदा म्हणायचं होतं, अगं, आत बघ. त्याही म्हणाल्या नाहीत. आता कोणाला विचारू? मी टेबलावर डोकं टेकवून मोठ्याने रडले, "आई, आई" करत. घरात कोणी नव्हतं, त्यामुळे कोणाची आई, असं विचारायलाही कोणी नव्हतं.

बऱ्याच वेळाने डोकं वर केलं तेव्हा ढग सरकले होते आणि खिडकीतून उन्हाची तिरीप टेबलावर आली होती. कात्रीवरून, रिळावरून सरकत ती उघड्या बटव्याकडे निघाली होती. मी आधी उठून पडदा ओढला. मग सुई ओवली, आणि त्यांच्या टाक्यांची भोकं शोधून, त्याच भोकांतून सुई घालत फट बंद केली.